फळीवरचं नवं धान

ललितानं ओंजळभर नवं धान लाकडी फळीवर ओतलं आणि वरून दुसरी फळी दाबून धरली. दोन्ही फळ्या बाबांच्या. हात टेकायची जागा त्यांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. तिथं तिचा तळवा लहान पडत होता.

"घास, बाई. बाया सकाळपासून उभ्या हायेत," मिलचे मालक घनश्यामशेठ म्हणाले.

बालाघाटच्या या राइस मिलच्या अंगणात दर दिवाळीनंतर हेच चाले. पहिलं धान उतरलं की दुलीचंद पारखी ते फळीवर घासत, तळहातावर घेऊन बघत, मग दाणे तोंडात टाकून सावकाश चावत आणि येतं साल कसं जाईल ते सांगत. त्या शब्दावर शेठ माणसं ठेवत, दुकानदार माल भरत. दुलीचंदांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मुलगा नव्हता. लहानपणी त्यांच्याजवळ बसून घासायला शिकलेली, आता शाळेत शिकवणारी लेक ललिता तेवढी होती.

यंदा गाव या शब्दाची जास्तच वाट बघत होतं. मँगनीजला उठाव नव्हता. उकव्याच्या खाणीतलं काम सुटलेली माणसं इथं गावात आली होती. शेडखाली धान भरडायचा नवा हलर खोक्यात बंद होता. साल चांगलं असेल तर तो इथं बसणार आणि फाटकाशी उभ्या बायांना पाखडायचं काम मिळणार. नाही तर तो गोंदियाच्या भागीदाराकडे जाणार. ट्रक येऊन उभाच होता.

ललिता घासू लागली आणि पहिल्याच फेऱ्यात तिच्या कानांना कळलं. चांगलं धान फळीखाली सळसळतं. हे कुरकुरत होतं. कापणीच्या तोंडावर पाऊस, मागोमाग कडक ऊन. दाणा आतून तडकलेला.

तिनं फुंकर मारून तूस उडवलं. तळहातावर अख्खे दाणे मोजकेच. बाकी सगळी कनकी, मोडके तुकडे.

"आमाले घरी धाडायचं असंन तं आताच सांगा, मास्तरीणबाई," फाटकातून गोदाबाई ओरडली. "ऊन चढून राह्यलं."

"थांब नं, गोदाबाई! तुही मोटार सुटून राह्यली का?" मुनीम प्रेमलाल म्हणाला.

बाया हसल्या. गोदाबाई हसली नाही.

"दाखव," शेठ पुढे झाले.

ललिताची मूठ आपोआप मिटली. बाबाही तळहात कधी कुणापुढे धरत नसत. लहानपणी तिनं विचारलं होतं, "काहून खाता हो बाबा, कच्चे दाणे?" "चव पाहतो," ते म्हणाले होते. एका साली घरात वर्षभर कनकीचाच भात शिजला होता. त्या सालीही याच अंगणात त्यांनी दाणे गिळून 'बरं आहे' म्हटलं होतं, आणि मिलचा भोंगा वर्षभर वाजला होता.

"दाखव म्हणतो मी. माह्यं घरदार गुतलं हाये यात, पोरी."

त्यांच्या कपाळावर घाम होता. ललितानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग मूठ तोंडाशी नेऊन रिकामी केली.

तुकडे पिठूळ होते. घशाखाली उतरायला वेळ लागला.

"बरं आहे," ती म्हणाली.

शेठ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. फळीच्या चिरेत एक दाणा अडकला होता, मधोमध मोडलेला. ललिताला तो त्याच क्षणी दिसला. तिनं हात पुढे केला, पण शेठनी दाणा आधीच उचलला होता. दोन्ही तुकडे त्यांनी बोटावर घेऊन उन्हात धरले.

प्रेमलालनं मान लांब केली. "काय निंघालं, शेठजी?"

शेठनी तुकडे जिभेवर ठेवले आणि तोंड मिटलं. बराच वेळ ते चावत राहिले.

"दुलीचंद बी असंच म्हणे," अखेर ते म्हणाले. ललिताकडे न बघताच प्रेमलालकडे वळले. "खोकं उघडाले सांग. ट्रकवाल्याले चहा पाज अन् धाडून दे."

खिळे उपसल्याचा आवाज येऊ लागला. ललिता पदरानं फळी पुसत होती. चीर स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली.