शंभरापर्यंत

मका कधी पेरायचा हे त्या घरात बाबांचे पाय ठरवत. पहाटे अनवाणी शेतात जायचं, चार बोटं माती उकरून त्यात उभं राहायचं आणि शंभर मोजायचे. मधेच गारठा सहन होईना आणि पाय वर आला, तर पेरणी पुढे. शंभर पुरे झाले तर पेरा. चाळीस वर्षांत हा हिशेब कधी चुकला नव्हता, आणि बाबा ते ऐकवल्याशिवाय राहत नसत.

यंदा शंभर आरामात झाले. बाबा ऐटीत दीडशेपर्यंत गेले.

"पेरा."

लेकीने त्याच खड्ड्यात थर्मामीटर खोचला. आठ. मक्याला निदान बारा अंश तरी हवेत.

"बाबा, माती अजून गार आहे."

"तुझी कांडी मका पिकवायला लागली की मग बोलू."

तिला हसू आलं. कांडीच बिघडली असणार, असं तिने गृहीत धरलं. बापावर विश्वास ठेवायला अक्कल लागत नाही, सवय पुरते.

बियाणं आईचं होतं. तीस वर्षं कणीस कणीस पारखून तिने ते जपलं होतं. गेल्या वर्षी तिच्या आजारपणात मका जेमतेम हाती आला आणि ती गेली तेव्हा मागे एकच डबा उरला. मूठभर बी बाजूला ठेवल्याशिवाय आई कधी पेरायची नाही.

"थोडं ठेवू का?" लेकीने विचारलं होतं.

"राहू दे. तिचं सगळं उगवू दे एकदा."

डबा पालथा झाला.

बाराव्या दिवशीही शेत काळंच. लेकीने बोटांनी सरी उकरली. दाणा सापडला तो लिबलिबीत, दाबताच पांढरं पाणी सुटलं, कुजका वास आला. पुढचाही तसाच. नखं दुखेपर्यंत ती उकरत राहिली. एकाही दाण्याला मोड नव्हता.

घरी आली तर बाबा खुर्चीत चहा पीत बसलेले. दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे. टाचेत खिळा रुतला होता.

"बाबा, पाय."

त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं.

"कधीपासून कळत नाही?"

"हिवाळ्यापासून. साखरेने होतं म्हणे."

"आणि बोलला नाहीत?"

बाबांनी कप खाली ठेवला. "वाटलं, मातीचं तरी कळेल."

तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आठचा आकडा तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. तिने खिळा उपसला. बाबांनी हूं की चूं केलं नाही.

आठवड्याने पहाटे ते चपला घालून तिच्यामागे शेतात आले.

"खोच तुझी कांडी."

तिने खोचली, थांबली, वाकून पाहिलं.

"किती?"

"बारा."

"मग आज पेरायला हवं," बाबा म्हणाले, आणि दोघंही रिकाम्या हातांनी तिथेच उभे राहिले.