बोर्डाशेजारचे लाटणे

"वहिनी, ती वायर खाली ठेव पहिले!"

मिथुन दारातूनच ओरडला. उंबरठा ओलांडायची त्याची हिंमत नव्हती. स्टुलावर उभ्या असलेल्या प्रीतीने वायरचे टोक दातांनी सोलले, प्लास्टिकचा तुकडा बाजूला थुंकला आणि काम चालू ठेवले. धाकट्या दिराला याहून वेगळे उत्तर द्यायला तिला वेळ नव्हता.

खोलीत सोयाबीनच्या भुसकटाने भरलेल्या पिशव्या टांगल्या होत्या आणि त्यांना धिंगरी अळंबी फुटली होती. फुटली होती म्हणजे काय, देठ बोटभर लांब आणि टोपी शर्टाच्या बटनाएवढी! जालन्याच्या प्रशिक्षणात बाईंनी सांगितले होते, अळंबी अशी मान लांब करून उभी राहिली की समजा, तिचा जीव गुदमरतोय. खिडकी सताड उघडावी तर राजूरचा मार्च महिना. पिशव्या कडकडीत वाळणार आणि माश्या येणार त्या वेगळ्याच. म्हणून दोन पंखे. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेले, तळहाताएवढे. एक खाली, ओल्या गोणपाटामागून हवा आत घेणारा. दुसरा वर, कोंदटलेली हवा बाहेर टाकणारा.

पहिली खेप वाया गेली होती. ही पण गेली तर खोली मिथुनच्या खताच्या पोत्यांना द्यायची, असे प्रीतीने स्वतःच्या तोंडाने कबूल केले होते. गावाला तर तिचे हे पीक म्हणजे फुकटची करमणूक. कुत्र्याच्या छत्र्या विकणारी बाई!

मिथुनची भीती मात्र खोटी नव्हती. त्याचा थोरला भाऊ राजानंद, म्हणजे प्रीतीचा नवरा, वायरमनच्या हाताखाली खांबावर चढायचा आणि खांबावरच गेला. तेव्हापासून घरात वायरला कुणी हात लावत नसे. सासू चांगुणाबाईंनी स्वयंपाकघरातले लाटणे आणून बोर्डाशेजारी खिळ्याला टांगले. दिवा लावायचा तर लाटण्याच्या टोकाने बटन दाबायचे, पाहुण्यानेसुद्धा. दुसरे लाटणे काही घरात आले नाही. पोळ्या बंद झाल्या, भाकरी तेवढी होत राहिली.

"दादा वायरनंच गेल्ता," मिथुन म्हणाला. "इसरली का?"

प्रीती स्टुलावरून उतरली.

"वायरनं न्हाई गेले ते. ते वर असताना कुन्या तरी मानसानं खालून लाइन चालू केली, म्हनून गेले. त्या मानसाचं नाव या घरात कुनी घेतलं न्हाई. समदे नुसते वायरला शिव्या देऊन राह्यले."

प्रीतीला एवढे बोलायचे नव्हते, पण बोलली ते बरेच झाले.

तिने फवारणी पंपातून काढलेली बॅटरी पुढे ओढली आणि खालच्या पंख्याच्या तारा जोडल्या. पंखा ढिम्म.

"फिरना बी तो," मिथुनला तेवढेच बळ आले. "काढ मंग आता."

प्रीतीच्या कपाळावर घाम आला. राजानंद घरातला बल्ब बसवायचा तेव्हा टॉर्च तीच धरायची. तो कोणतीही तार कुठेही जोडायचा आणि बल्ब बिनतक्रार लागायचा. तिनेही तसेच केले होते. मग तिचे लक्ष बॅटरीवरच्या लाल खुणेकडे गेले. हिला उलटसुलट चालत नाही! तिने तारांची अदलाबदल केली. पंखा गुरगुरला आणि गोणपाट हलू लागले.

"काय वाजून राह्यलं रे?" चांगुणाबाई दारात आल्या. वायर दिसताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माघारी गेल्या आणि लाटणे घेऊन आल्या, वायर झटकून पाडायला.

प्रीती मध्ये उभी राहिली. तिने कोरडी दोन बोटे बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवली. चांगुणाबाई किंचाळल्या. झाले काहीच नाही.

"बघा, आत्याबाई. खांबावरच्या लाइटीला मी बी भेते. ही तशी न्हाई. बारा व्होल्टची हाय, मानसाला धरत न्हाई."

"तुला मरायची हाव सुटली का गं?"

"मला जगायची हाव सुटली. म्हनून तर ही खोली सोडत न्हाई. पंखे काढायचे तर मला बी काढा घरातून."

असे सासूला आजवर कुणी बोलले नव्हते. म्हातारीने सुनेची ती दोन बोटे उलटसुलट करून पाहिली. मग लाटणे काखेत धरून ती पुढे झाली.

"दुसऱ्याची तार कोनची?"

प्रीतीने लाल तार तिच्या हातात दिली. तार दोनदा घसरली, तिसऱ्यांदा टेकली. वरचा पंखा फिरू लागला. तार तशीच बोटांत धरून चांगुणाबाई रडायला लागल्या.

"माह्या लेकाला असली लाइट का न्हाई देली रे कुनी?"

मिथुन तेव्हा कुठे उंबरठ्याच्या आत आला.

त्या खेपेच्या लांबड्या अळंब्या प्रीतीने खुडून टाकल्या. पुढचा फुटवा आला तो तळहाताएवढा रुंद, मोत्याच्या रंगाचा. मिथुनने खताची पोती मुकाट्याने ओसरीवर रचली.

पहिल्या तोड्याच्या दिवशी चांगुणाबाईंनी स्वतः अळंबी चिरून फोडणीला टाकली आणि कणीक मळायला घेतली. मिथुन शेतातून आला तेव्हा घरात अंधारून आले होते. सवयीने त्याने बोर्डाशेजारी हात नेला. तिथे नुसता खिळा होता.

"माय, लाटनं कुठं हाय?"

"पोळ्या लाटून राह्यले न् मी," चुलीपासून आवाज आला. "बोटानं दाब."

मिथुनने बोट सदऱ्याला पुसले. परत पुसले. प्रीती जवळच उभी होती, पण तिने पुढे होऊन बटन दाबले नाही आणि त्याला घाईही केली नाही.