चार वाजताची हाक

आमच्या घरात रोज दुपारी चार वाजता माझी बेअब्रू व्हायची, तीबी माझ्याच आवाजात.

झालं काय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टीव्हीवाले आमच्या विजापूर रोडच्या वसाहतीत आले. बायकांचे खेळ, उखाणे, आन् जिंकलेलीला मिक्सर. माझा मिक्सर चटणी वाटताना धूर सोडत हुता, म्हणून मी नाव दिलं. उखाणा आठ दिवस घोकला. 'काळ्या रानात शाळू, कणसाला आला भार, धोंडिरामरावांचं नाव घेते, कमी बोलतात फार.' खोटं काय न्हाय त्यात. आमचे हे मंगळवेढ्याचे, चिंचोळी एमआयडीसीत पंचवीस वर्षं फिटर हुते. दिवसाला दहा शब्द बोलले तर साखर वाटावी, असा माणूस.

पण घोकताना नावापाशी आलं की मी ओठ मिटून घ्यायची. आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत्यात. लग्नात आईनं मला तसं बजावूनच पाठवलं हुतं. उखाण्यात घेतलेलं चालतं, पण उगं सरावाला कशाला आयुष्य खर्च करा? बेचाळीस वर्षं मी 'अवो', 'ऐकलं का', 'पूनमचे पप्पा' ह्याच्यावर संसार केला. दवाखान्यात नाव विचारलं तर कागद पुढं सरकवायची.

आन् नेमकी माझी पाळी आली. तोंडावर लाईट, पुढ्यात माईक. ती कार्यक्रमवाली बाई हसतीया, "घ्या मावशी, नाव घ्या!" मला शाळू आठवंना, कणीस आठवंना. "लाजू नका मावशी, घ्या ना!" लाजतंय कोण? मला राग आला. म्हणलं, "धोंडिराम! झालं?"

राव न्हाय, काय न्हाय, नुसतं उघडंबोडकं नाव. सगळा मांडव हसून हसून बेजार. मिक्सर शेजारच्या वच्छलाला गेला.

तेवढ्यावर संपलं असतं. पण आमची लेक पूनम, बार्शीला नर्स हाय, तिनं आम्हाला टीव्हीला रेकॉर्डिंगवाला बॉक्स बसवून दिलेला. का, तर माझी मालिका आन् ह्यांची कुस्ती एकाच वेळी लागली तर भांडण नको. भांडण कुटं मिटलं? बॉक्समदली जागा तुझ्या मालिकांनी खाल्ली की माझ्या कुस्त्यांनी, ह्याच्यावरनं सुरू झालं. तर माझा कार्यक्रम टीव्हीवर लागला, तवा ह्यांनी गुपचूप रेकॉर्डिंगला लावला.

मी म्हणलं, एकदा बघतील आन् सोडून देतील. कशाचं काय! रोज चारच्या चहाला खुर्ची टीव्हीपुढं, प्लॅस्टिकच्या पिशवीतला रिमोट हातात. सगळा कार्यक्रम पळवायचा आन् माझ्यापाशी थांबायचं. 'धोंडिराम! झालं?' परत मागं घ्यायचं. 'धोंडिराम! झालं?' असं चार-चार, पाच-पाच वेळा. त्यात कारखान्यातल्या मशिनींनी कान गेलेले, म्हणून आवाज एवढा मोठा की भिंतीपलीकडं वच्छलाचा मिक्सर चालू असला तरी तिला ऐकू जावा.

नळावर वच्छला सगळ्यांदेखत म्हणायची, "चांगुणाबाई, तुमचा आवाज आला की मी चहा ठेवते बगा. घड्याळ लागत न्हाय आमाला." त्या भाजीवालीनं तर मेथी पिशवीत टाकली आन् म्हणली, "झालं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

घरी येऊन ह्यांना म्हणलं, "पुसा ते."

"राहू दे की."

"का म्हणून?"

"राहू दे."

दहातले पाच शब्द माझ्यावर खर्च केले.

मग मीच ठरवलं. गुरुवारी दुपारी हे कटिंगला गेले. पूनमनं शिकवलंय तशी मी बॉक्समदली यादी उघडली. माझ्या मालिकेचे भाग रांगेनं बसलेले. ह्यांची कुस्ती एकबी न्हाय. म्हणलं, बरं झालं, तो नाद सुटला. सगळ्यात खाली माझा कार्यक्रम, त्याच्यापुढं कुलपाचं चित्र. मी कुलूप काढलं. बॉक्सनं विचारलं, डिलीट करायचं का? होय. परत विचारतोय, नक्की का? नक्की म्हणजे काय, जा त्या वच्छलाला विचार! दाबलं बटण. लई हलकं वाटलं.

चार वाजले. हे आले, खुर्ची ओढली, रिमोट घेतला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसले, पण कान तिकडंच. ओरडले तर काय बोलायचं ते तयार ठेवलं हुतं. ह्यांनी यादी वरनं खाली बघितली. खालनं वर बघितली. तिसऱ्यांदा बघितली. चहावर साय धरली. ओरडणं न्हाय, काय न्हाय.

मग पूनमला फोन लावला. कानामुळं ह्यांचा फोन कायम स्पीकरवरच असतो.

"पूनम, आईचं ते रेकॉर्डिंग गेलं गं. माझ्याच हातनं पुसलं असंल. परत येतंय का बघ की."

"नाही येत पप्पा. एकदा डिलीट झालं की गेलं. जागा भरली होती का?"

"जागा कशी भरंल? त्याच्यासाठी मी माझ्या सगळ्या कुस्त्या पुसल्या की."

माझा हात परातीतच थांबला.

"जाऊ दे ना पप्पा," पूनम म्हणली. "एवढं काय होतं त्यात? आई तर चिडायची."

ह्यांनी टीव्ही बंद केला. मग वर्षात ऐकले नव्हते एवढे शब्द एका दमात बोलले. "माझी आई गेली तवा मी सात वर्षांचा. ती धोंडिराम म्हणायची, पुरं नाव. चुलत्याकडं गेलो, तर बारक्या झालो. कारखान्यात फिटरमामा. तुझा पप्पा. बँकेत टोकनचा नंबर पुकारत्यात. घरात अवो. साठ वर्षं त्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाय बघ. आन् तुझी आई त्यात चिडून म्हणती गं. माझी आईबी असंच चिडून बोलवायची, जेवायला."

मला तर रडूच आलं, आन् माझा मलाच लई राग आला. ह्या माणसाचं आयुष्य वाढावं म्हणून बेचाळीस वर्षं मी ते नाव गिळलं, आन् हा बिचारा त्या एका हाकेसाठी रोज चार वाजता टीव्हीपुढं बसत हुता. आन् मी तेवढंबी काढून घेतलं.

तिकडं फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पदरानं डोळे पुसले. तव्यावर भाकरी फुगली हुती. मनात म्हणलं, देवा बिरोबा, कुणाचं आयुष्य कमी करायचंच असंल तर माझं कर. आन् गॅसपाशीनंच वरडले, "धोंडिराम! भाकरी गार व्हायलीया, या खायला!"

भिंतीपलीकडचा मिक्सर एकदम थांबला.

हे दारात आले. आधी वळून टीव्हीकडं बघितलं, तर टीव्ही बंद. मग माझ्याकडं बघितलं.

"मी पुसलं ते," मी म्हणलं. "तुमच्या हातनं न्हाय गेलं. मी मुद्दाम पुसलं. माफ करा मला."

हे खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला आन् हातातच धरून ठेवला. डोळे भरले हुते ह्यांचे. मी बेचाळीस वर्षांत बघितले नव्हते तसे.

"मग आता," हे म्हणले, "रोज तुलाच म्हणावं लागंल की."

"रोज? मी काय बॉक्स हाय का?"

"व्हय. जरा मागं घे. परत म्हण."

मी परत म्हणलं. ह्यांनी परत मागं घ्यायला लावलं, परत म्हणलं. तिसऱ्यांदा म्हणलं तवा भिंतीपलीकडनं वच्छलाचा आवाज आला, "चांगुणाबाई, झालं?"

"न्हाय अजून," मी म्हणलं, आन् ह्यांना दुसरी भाकरी वाढली.