ज्वारीच्या पिठातले पाच दिवस

मित्रांनो, मी टेबल टेनिसची एक जुनी बॅट आहे. अगदी खरं सांगायचं तर बॅटचं नुसतं लाकूड. अंगावरचं रबर चार वेळा बदललं, लाकूड मात्र तेच राहिलं. खेळाडू या लाकडाला ब्लेड म्हणतात. ब्लेड म्हटलं की लोकांना दाढी आठवते, म्हणून आधीच सांगून टाकते, मी कुणाला कापत नाही. मला धार नाही. मला फक्त आवाज आहे, आणि त्याचा मला थोडा गर्व आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाचे पाच पातळ थर एकावर एक चिकटवून मला घडवलं. मधला थर जाड आणि हलका, बाहेरचे दोन जरा कणखर. कार्बन नाही, काचेचा धागा नाही, सगळं लाकूडच. त्याच दिवशी माझ्यासारख्या तीस जणी तयार झाल्या. नाव एक, रंग एक. पण लाकूड म्हणजे काही साबणाची वडी नव्हे. कुणी चार ग्रॅम जड निघाली, कुणी हलकी. तिथून खोक्यात बसून मी सोलापूरला नवी पेठेतल्या अमरेशशेठच्या दुकानात आले आणि काचेच्या कपाटात सात महिने पडून राहिले.

ते दिवस फार वाईट गेले. माझ्या शेजारी एक कार्बनची बॅट होती. काळी, चकचकीत. गिऱ्हाईक आलं की तिच्याकडे बोट करायचं. मला कुणी हातातही घेत नव्हतं. आपण दिसायला साध्या आहोत, हे मला त्या कपाटात चांगलंच कळलं.

मग एप्रिलमधल्या एका शनिवारी तिघं जण दुकानात आले. कुंभारी गावची चौदा वर्षांची राजनंदिनी, तिला खेळ शिकवणारे अनिलकुमार सर आणि तिचे वडील धुळाप्पा. धुळाप्पा मेंढरं राखणारे. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी आणि हातात डोक्याइतकी उंच काठी. त्या काठीमुळे दुकानाचं दार उघडताना जरा पंचाईतच झाली.

राजनंदिनी शाळेतल्या बॅटने खेळायची. त्या बॅटची कड फुटलेली, रबर गुळगुळीत. तरी पोरीचा फटका असा, की समोरची मुलगी दचकायची. लहानपणी ज्वारीच्या राखणीला बसून गोफण फिरवून फिरवून तिचं मनगट तयार झालं होतं. पण त्या बॅटने चेंडू तिच्या ताब्यात राहत नसे. जोरात मारला की टेबलाच्या बाहेर. आदल्या वर्षी जिल्हा संघाच्या निवडीत चार जागा होत्या आणि ती पाचवी आली होती. यंदा तिच्या वयोगटाचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या रविवारी निवड होती. ही जागा तिला हवी होती, आणि किती हवी होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अमरेशशेठने अर्थातच कार्बनची बॅट पुढे केली. “सर, आक्रमक खेळायचं म्हणता ना? मग हीच. चेंडू गोळीसारखा जातो बघा.”

“गोळी हिच्या मनगटातच आहे की हो,” अनिलकुमार सर हसले. “कार्बन चेंडूला उभंच राहू देत नाही. हिला चेंडू क्षणभर धरून, फिरकी देऊन सोडायचाय. पाच थरांचं लाकूड दाखवा. वजन पंच्याऐंशीच्या आसपास.”

शेठने मला आणि माझ्या एका जुळ्या बहिणीला बाहेर काढलं. सर काट्यावर ठेवणार, इतक्यात धुळाप्पांनी हात पुढे केला. “जरा बघू की.”

त्यांनी आधी बहिणीला कानाजवळ धरलं आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. मग मला धरलं. डोळे मिटले, पुन्हा टिचकी मारली. यात्रेत काठी निवडताना ते असंच करायचे, हे मला नंतर कळलं.

“ती मुकी हाय,” ते म्हणाले. “ही बोलतीया. हीच घ्या.”

सरांनी आम्हाला काट्यावर ठेवलं. बहीण ब्याण्णव ग्रॅम, मी शहाऐंशी. सरांनी माझ्यावर चेंडू टिपटिप उडवून आवाज ऐकला आणि धुळाप्पांकडे बघतच राहिले. “मामा, तुम्हाला कसं कळलं?”

“लाकूड हाय की,” धुळाप्पा म्हणाले.

मित्रांनो, सात महिन्यांनी कुणीतरी माझा आवाज ऐकला होता. त्या क्षणीच मी त्या माणसाची झाले. खेळणार होती लेक, पण निवडलं होतं बापाने.

रबर पुण्याहून बुधवारी यायचं होतं. तोवर मी उघडीच कुंभारीला जायचं ठरलं. सरांनी राजनंदिनीला बजावलं, “कोरडी ठेव. पाणी नको, तेल नको, कशाचाही हात नको.” हे सांगत होते तेव्हा धुळाप्पा दाराबाहेर काठी सांभाळत उभे होते. त्यांनी ते ऐकलं नाही. सगळा घोटाळा इथेच झाला.

दुसऱ्या दिवशी रविवारी अमावास्या होती. धुळाप्पांच्या घरी दर अमावास्येला काठीला करडईचं तेल पाजायची रीत. सोलापूरचं ऊन म्हणजे काही खायचं काम नाही, तेल नसेल तर लाकूड तडकतं. राजनंदिनी मैत्रिणीकडे गेली होती. तिची आई शांतम्मा विहिरीवर. धुळाप्पांनी काठी चोळून लखलखीत केली, आणि मग त्यांची नजर कोनाड्यातल्या माझ्याकडे गेली.

“तू बी लेकीची काठीच की,” ते माझ्याशीच बोलले. “तडकशील बाई उनानं.”

त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तेलात बुडवलेला बोळा अंगावरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. दोन्ही बाजूंनी, मुठीलासुद्धा. मग तेल मुरावं म्हणून उन्हात ठेवलं. इतक्या मायेने मला तोवर कुणी चोळलं नव्हतं. आणि त्या मायेने मी बिघडत होते. तेल थराथरांत शिरत होतं, अंग जड होत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण टिचकी मारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दुपारी राजनंदिनी आली. मी पिवळीधमक झाले होते. तिने मला उचललं, टिचकी मारली. थप्प. ओल्या भाकरीवर थापटी मारावी तसा आवाज आला.

“आप्पा, हे काय केलं तुमी?”

“तेल पाजलं की. तडकू ने म्हणून.”

“अवो, तेलावर रबर चिकटत न्हाय! आता खेळू कशानं मी?” तिचा आवाज चढत गेला. “तुमाला काय कळतंय ह्यातलं? मेंढरं राखायची सोडून हितं कशाला हात लावला?”

शब्द सुटले ते सुटलेच. धुळाप्पांनी काठी घेतली आणि ताटावर न बसताच मेंढरांकडे निघून गेले. नुकतीच तेल पाजलेली काठी उन्हात चमकत होती. राजनंदिनी मला छातीशी धरून रडली. मला दोघांचंही वाईट वाटत होतं.

शांतम्मा विहिरीवरून आली. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, घाबरली की तोंडात कानडी यायचं. “अय्यो, एन आयतु?” तिने विचारलं. काय झालं ते ऐकून घेतलं आणि कमरेला पदर खोचला. “रडतीस कशाला? तेल काढायचं काम बायकांचं. आण हिकडं.”

तिने पत्र्याच्या डब्यात ज्वारीचं पीठ घातलं, त्यात मला आडवी ठेवली आणि वरून आणखी पीठ टाकून पार पुरून टाकली. “लुगड्यावर तेल सांडलं की माझी आई हेच करायची. पीठ तेल पितं. रोज जुनं काढायचं, नवं घालायचं.”

अशी मी, कार्बनच्या शेजारी बसणारी बॅट, कुंभारीतल्या एका डब्यात भाकरीच्या पिठाखाली झोपले! नाकातोंडात पीठ गेलं म्हणावं तर मला नाक नाही. पण खरंच बरं वाटत होतं. पीठ हळूहळू माझ्यातलं तेल ओढून घेत होतं. रोज सांजेला राजनंदिनी मला बाहेर काढी, झाडी आणि नव्या पिठात ठेवी. तेलकट पीठ घरच्या शेळीला मिळे. त्या आठवड्यात माझ्यापेक्षा शेळीची चैन जास्त झाली.

सोमवारी तिने सरांना सगळं सांगून टाकलं. सर रागावतील असं तिला वाटलं होतं, पण सर पिढ्यान्‌पिढ्यांच्या विणकर घरातले. “रडायलीस कशाला?” ते म्हणाले. “आमच्या घरी मागाचं तेल नव्या चादरीवर सांडलं की खडूची पूड घालतात. तुझ्या आईने बरोबर केलंय. शुक्रवारपर्यंत ठेव.” मग त्यांनी विचारलं, “वडील काय म्हणाले?”

“माझ्याशी बोलत न्हाईत,” राजनंदिनीने सांगितलं. रविवारपासून वडील तिच्याशी धड बोललेच नव्हते. रागाने नव्हे. आपल्याला यातलं काही कळत नाही हे लेकीने सांगितलं आणि त्यांनी ते मानून टाकलं होतं. पण डब्यातल्या मला एक गोष्ट माहीत होती, जी तिला माहीत नव्हती. रोज पहाटे मेंढरं सोडण्याआधी कुणीतरी हळूच झाकण उघडायचं, थोडा वेळ बघायचं आणि हात न लावता झाकण लावून टाकायचं.

राजनंदिनी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर माझं वजन करायची. रविवारी त्र्याण्णव, मंगळवारी नव्वद, गुरुवारी अठ्ठ्याऐंशी, शुक्रवारी सकाळी सत्त्याऐंशी. त्या सकाळी झाडताना तिला दिसलं, की वरचं पीठ बोटाने सारून माझा चेहरा कुणीतरी उघडा केला होता. पिठावर एक जाड बोटाची रेघ होती. तिने त्या रेघेवर आपलं बोट ठेवून बघितलं.

सरांनी पॉलिश पेपरने मला हलकं घासलं, रबर चिकटवलं. ते चिकटलं! फक्त मुठीवर तेलाचा एक तपकिरी डाग राहिला, धुळाप्पांच्या तळव्याएवढा. “इथे रबर नसतंच,” सर म्हणाले. “राहू दे.”

निवडीच्या रविवारी दुपारपर्यंत तीन जागा भरल्या. चौथ्या जागेसाठी राजनंदिनी आणि अंकिता नावाची मुलगी समोरासमोर आल्या. अंकिता सालस पोर, आणि तिच्या हातात अमरेशशेठच्या कपाटातली माझी ती चकचकीत शेजारीण! मी जरा ताठ झाले.

तेवढ्यात हॉलच्या दाराशी गडबड ऐकू आली. धुळाप्पा आले होते. “मामा, काठी आत चालणार नाही,” दारावरचा माणूस सांगत होता. धुळाप्पांनी काठी बाहेर चपलांच्या शेजारी टेकवली आणि आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले. काठीशिवाय त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

राजनंदिनी टेबलाकडे न जाता सरळ त्यांच्याकडे गेली. सगळ्यांसमोर तिने मला त्यांच्या हातात दिलं.

“आप्पा, त्या दिवशी मी वाईट बोलले. मला माफ करा. ही तुमीच निवडली. आता वाजवून सांगा, बोलती का न्हाय.”

 रबरावर टिचकी मारून काय ऐकू येणार? पण धुळाप्पा जाणते. त्यांनी मला कानाशी धरलं आणि मुठीच्या टोकाला पेर वाजवलं. मी माझ्यात होता तेवढा सगळा आवाज दिला.

“जरा दबून बोलतीया,” ते म्हणाले. डोळे भरून आले होते. “पर बोलतीया. जा, खेळ.”

मित्रांनो, दोन गेम आम्ही जिंकलो, दोन अंकिताने. पाचव्यात नऊ-नऊ. कार्बनच्या बॅटवरून चेंडू सणसणत येत होता. एरवी राजनंदिनीने तो घाईने मारून बाहेर घालवला असता. पण आता तिला माझ्यावर भरवसा होता. चेंडू आला, मी तो क्षणभर धरला, तिने मनगट गोफणीसारखं फिरवलं आणि चेंडू फिरकी घेत टेबलाच्या कडेवर उतरला. दहा-नऊ. पुढचाही तसाच. अकरा-नऊ! भिंतीपाशी धुळाप्पांनी दोन्ही हात वर केले आणि मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. सगळा हॉल वळून बघायला लागला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. राजनंदिनी आता विद्यापीठाच्या संघात आहे आणि आजही पाच थरांच्या लाकडानेच खेळते. माझी कड झिजली, एक थर जरा सुटला, म्हणून मी कुंभारीच्या घरात खिळ्याला टांगलेली असते, धुळाप्पांच्या काठीशेजारी. माझं काही वाईट चाललेलं नाही. सुट्टीला ती घरी आली की मला उतरवून गावातल्या पोरांना खेळायला शिकवते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आपल्या वस्तू जपा, जरूर जपा. पण काठीला जे हवं ते बॅटला हवं असेलच असं नाही. जपण्याआधी जरा विचारून घ्या. आणि ज्यांनी न विचारता मायेने चूक केली, त्यांना आमच्या राजनंदिनीसारखं पटकन तोडून बोलू नका. पीठ तेल शोषून घेतं, पण बोललेला शब्द काढायला पीठ नाही. त्याला माणूसच लागतो, तोही सगळ्यांसमोर.

परवाच अमावास्या झाली. राजनंदिनी सुट्टीला आली होती. धुळाप्पांनी तेलाची वाटी घेतली, काठी चोळून लखलखीत केली आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“नंदे,” त्यांनी आत हाक दिली, “हिला पाजू का गं?”

“नको, आप्पा.”

“बरं,” म्हणून त्यांनी वाटी बाजूला ठेवली. त्यांना उत्तर माहीत असतं, आणि ती घरी नसली की फोन लावावा लागतो. तरी सहा वर्षं झाली, ते दर अमावास्येला विचारतात.