दातांनी तोडलेला दोरा

“अहो, दात घासताय की करपलेलं पातेलं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला आरशासमोर उभं करून हातात ब्रश दिला होता, आणि ताई खसाखसा घासत सुटली होती. बेसिनमधला फेस गुलाबी झाला.

हिरड्यांचं दुखणं आम्हा बहिणींना आईकडून आलेलं. आईचे सगळे दात असलेले मला आठवतच नाहीत. आम्हा दोघींच्या हिरड्या याच दवाखान्यात, एकाच महिन्यात खोलवर साफ झाल्या, औषधही एकच. माझ्या सावरल्या. ताईचं रक्त मात्र थांबेना, आणि आता पुढचे दात हलू लागले होते. ती कपडे शिवून घर चालवायची. दोरा त्याच दातांनी तोडायची.

“घरात काही काळजी?” बाईंनी विचारलं.

“छे! सगळं छान आहे.”

“छान कसलं?” मला राहवेना. “हिचे यजमान, आमचे भावजी, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेत. वाचाही गेलीय. हिनं अजून डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.”

“तू गप गं. हिचं ऐकू नका, ही दूध उतू गेलं तरी गल्ली गोळा करते.”

“करू देत की,” बाई हसल्या नाहीत. “मनातलं ओझं उतरलं नाही, तर जखमही लवकर भरत नाही. त्यात तुम्ही जखमच घासताय. हात हलका ठेवा. दुपारी जरा पडा. मदतीला कुणी असेल तर बोलवा. नाहीतर हे दात मला वाचवता येणार नाहीत.”

“जमेल की.”

ताईचं ‘जमेल की’ म्हणजे काय, हे मी परकरात असल्यापासून ओळखून होते.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी भावजींपाशी बसायला जाऊ लागले. ताई आडवी व्हायची. कूस बदलायची. मग उठून नळ घासायची, डबे पुसायची, आदल्या दिवशी पुसलेलेच.

“पायाला भिंगरी बांधून जन्मलीस का गं? पड ना!”

“पडले की विचार येतात,” ती म्हणाली. “हात चालू असला की नाही येत.”

जन्मभरात स्वतःबद्दल ती माझ्याशी बोलली ते एवढंच.

मग ती मोरीत गेली. दार लोटलं. आतून ब्रशचा आवाज येऊ लागला, खसखस, खसखस. भावजींनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. त्यांचा चांगला हात चादर चुरगळत होता.

“ताई, बास! ऐकतेस ना?”

आवाज थांबला. नळ वाहिला. मी हुश्श करते तोच पुन्हा खसखस.

पुढचे खालचे दोन दात शेवटी काढावे लागले. मीच तिला घेऊन गेले. येताना वाटभर ती माझ्या पुढे चालत होती, तोंडात कापसाचा बोळा दाबून. घरी आल्यावर बस म्हटलं, तर मशीनवरच बसली. कुणाचा तरी फ्रॉक अर्धा राहिला होता.

शिवण संपली. तिनं सवयीनं दोरा तोंडाकडे नेला. हात ओठांपाशी जाऊन थांबला. मी खाली बघितलं.

“कात्री दे गं,” ती बोळ्यातून अस्पष्ट म्हणाली. “तुझ्या बाजूला आहे.”

लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, तापानं फणफणली असतानाही नाही. ताईनं माझ्याकडे कधी पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. मी कात्री दिली. तिनं दोरा कापला, फ्रॉकची घडी घातली, आणि दोन्ही हात त्या घडीवर ठेवून तशीच बसून राहिली.

मशीन का थांबलं ते बघायला भावजींनी हळूहळू मान वळवली.