नुसतं फिराले

वलगावात सकाळी एखादा पुरुष पायात बूट चढवून झपझप निघाला, की लोक कौतुकानं म्हणतात, "वा, फिराले निघाले!" त्याच रस्त्यानं एखादी बाई रिकाम्या हातानं निघाली, की प्रश्न येतो, "कुठी चालली वं?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण बाईजवळ उत्तर पाहिजे, आणि त्या उत्तरात काम पाहिजे. कामाशिवाय बाईनं उंबरठा ओलांडायचा नाही, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, तरी तुम्ही-आम्ही सगळेच ते मुकाट्यानं चालवून घेतो.

पौर्णिमाची गाडी याच प्रश्नापाशी अडली होती.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट पाहून सांगितलं, "शुगर आली आहे. गोळी सुरू करू. पण रोज अर्धा तास भरभर चालायचं, त्यात सूट नाही." पौर्णिमा हादरली. तिची आई आशाबाई अकोल्याला राहते. याच शुगरपायी गेल्या वर्षी आशाबाईंच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं, आणि ती जखम पौर्णिमानं आपल्या हातांनी पुसली होती. म्हणून दुसऱ्याच दिवशी लेकीला, पायलला, शाळेत धाडून ती चालायला निघाली. भीती माणसाला उठवते यात शंका नाही. रोज उठवत नाही, हीच तर अडचण आहे!

चार घरं ओलांडली नाहीत तोच अंगण झाडणाऱ्या जमुनाकाकूंनी हटकलं, "कुठी चालली वं पौर्णिमा?"

"फिरायला" हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. घरात एवढी कामं पडली असताना सून फिरायला निघाली! ती घाईघाईनं म्हणाली, "चक्कीवर चालली, काकू. दळन झालं का पाहाले."

दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन दारातच उभ्या. "चक्कीवर जाऊनच राहिली त माह्ये गहू तेवढे टाकून देजो न माय!"

आता डबा काखेत घेऊन भरभर कसं चालणार? पौर्णिमानं रस्ता बदलला. त्या बाजूला तिनं डेअरीचं नाव सांगितलं, तर तिकडच्या एकीनं दुधाची बरणी हातात दिली. तिसऱ्या रस्त्यावर कुणाची औषधं आणायची निघाली. डॉक्टरांचा अर्धा तास गल्लीच्या कामांत कधी विरघळून गेला ते कळलंही नाही. शेवटी तिनं निघणंच सोडलं. उद्यापासून जाऊ, सोमवारपासून जाऊ, सोयाबीन निघालं की नक्की जाऊ!

सासूबाई सुंदराबाईंना बरंच वाटलं. "दिवसभर घरात राबतं न तू? झाला थोच व्यायाम. हे फिरनंबिरनं रिकाम्या बायायचे थेर हायेत."

दिवाळीनंतर पौर्णिमा माहेरी अकोल्याला गेली. आशाबाई मऊ तळाची चप्पल घालून जपून चालत होत्या. चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "चालतं का रोज?"

"मनच लागत नाही, माय."

"भांडे घासाले मन लागते का तुह्यं?"

पौर्णिमा हसली. आशाबाई हसल्या नाहीत.

"सांग न. लागते का? तरी घासतंच न? मंग चालाच्या टायमालेच मनाले काहून इचारतं? मन रोज नाईच म्हनन. त्याले इचारू नोको. अर्धा तास नाई जमला त एखाद्या झाडापर्यंत जाय अन् वापस ये. पन जाय!"

"लोक इचारतात माय, कुठी चालली म्हनून. काय सांगू?"

आशाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या पोरीसमोर येऊन बसल्या.

"मले बी डॉक्टरनं चालाले सांगतलं होतं. मी बी म्हनलं, लोक काय म्हनतीन? अन् दिवसभर कामच त करतो! मंग काय झालं? थेच लोक दवाखान्यात आले. केळं घेऊन आले, बसले, पाहून गेले. बोट माह्यंच गेलं न पोरी!"

पौर्णिमाला रडू आवरेना. आशाबाईंनी तिची पाठ थोपटली, पण शब्द मऊ केले नाहीत. "तू चोरी करून राहिली का? मंग नाव घेऊन सांग. ज्या कामाचं नाव घ्याले लाजतं, थे काम टिकत नाई."

गावी परतल्यावर पौर्णिमा पुन्हा निघाली. काकूंचा प्रश्न ठरलेलाच होता. "कुठी चालली वं? चक्कीवर का?"

"नाई काकू. फिराले."

"फिराले? पन काम काय?"

"हेच काम हाये. मले शुगर हाये, काकू."

सांगितलं एकदाचं! पाय हलके झाले होते. आभाळ कोसळलं नाही. काकू मात्र झाडू धरून तशाच उभ्या राहिल्या.

आभाळ कोसळलं ते घरी. दुपारपर्यंत बातमी सुंदराबाईंच्या कानावर आली होती. "गावभर दवंडी पिटली तू! उद्या पायलच्या लग्नाच्या टायमाले लोक म्हनतीन, माय बिमारीवाली हाये. तवा काय सांगू मी?"

पायल अजून दहावीत होती. पौर्णिमानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चालायला गेली. मन लागलं तेव्हा बरंच लांब गेली, नाही लागलं तेव्हा थोडंसं चालून जांभया देत परतली. हुरूप काही रोज येत नव्हता. सुंदराबाई मात्र तिच्याशी धड बोलत नव्हत्या.

अशात एका दुपारी जमुनाकाकू आल्या. पौर्णिमा मळ्यात होती. काकू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "सुंदराबाई, मी बी शुगरच्या गोळ्या खातो. लय दिवसापासून. पिठाच्या डब्यात लपवून ठेवतो. घरच्यायले बी माहीत नाई."

"डॉक्टर काय म्हनते?"

"जातो कुठी मी डॉक्टरकडे! एकदा देल्ल्या थ्याच गोळ्या आनतो. चक्कर येते, त बसतो घडीभर."

 त्या दिवशी सुंदराबाईंना लाज नावाची गोष्ट पहिल्यांदाच महाग वाटली.

थोड्याच दिवसांत घरी पाहुणे मुक्कामाला आले. सुंदराबाईंच्या माहेरची, मानापानाची माणसं! सकाळी पौर्णिमानं कणकेची परात पुढे ओढली. आज राहू दे, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. एवढ्यात सुंदराबाईंनी परात आपल्याकडे घेतली.

"उठ. जाऊन ये तू."

"आई, पाहुणे हायेत..."

"असू दे न. मले माह्या नातीची माय धडधाकट पायजे. जाय!"

पौर्णिमा चप्पल घालून बाहेर पडली. ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांनी साहजिकच विचारलं, "सूनबाई कुठी चालल्या एवढ्या सकाळी?"

सुंदराबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फिराले चालली. तिले शुगर हाये, रोज चालते थे. चहा मी देतो तुमाले!"

वाचकहो, व्यायाम टिकत नाही म्हणून आपण स्वतःच्या आळसाला बोल लावतो. आळस असतोच. पण पुष्कळ घरांत व्यायाम मरतो तो लाजेनं आणि आपल्या टोमण्यांनी. तेव्हा हुरूप येण्याची वाट न पाहता, थोडं का होईना, रोज चाला; आणि कशासाठी निघालात ते मोकळेपणानं सांगा. आणि तुमच्या घरातली बाई निघाली, तर ती परत येईस्तोवर कणीक तुम्ही मळा.