नाथाकाका लँब्रेटा म्हणाले

"ह्यांना बाकी कायबी आठवलं नाय तरी गाडी आठवती. ज्या दिवशी गाडी वळखायला चुकतील ना बाई, त्या दिवशी समज, साखर उतरली."

कुसाबाईंनी हे निकिताला सांगितलं होतं, गंगापूर धरणाजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, पोह्यांच्या रांगेत. कुसाबाई म्हणजे सायखेड्याच्या नाथाकाकांची बायको. काकांचं वय चौऱ्याहत्तर, इन्सुलिन रोज दोन वेळा. निकिता तेव्हा हसली होती. एरवी लेकीला दोन शिंका आल्या तरी डॉक्टरांचा नंबर फिरवणारी बाई, पण त्या दिवशी "काकू, काका कसले चुकतात!" म्हणून मोकळी झाली.

आणि खरंच, काका कसले चुकतात! 'जुनं लोखंड' नावाचा त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कुणीतरी जुन्या गाडीचा तुकडा दाखवायचा, एखादा दिवा, दाराची मूठ, आणि बाकीच्यांनी गाडी ओळखायची. नियम एकच, नुसतं नाव चालायचं नाही, 'कशावरून' तेही सांगायचं. काकांचं 'कशावरून' वाचायला लोक ताटावरून उठायचे. "स्टँडर्ड हेरल्ड. कशावरून? बॉनेट सगळंच्या सगळं पुढं कलंडतं. सटाण्याच्या डॉक्टरकडं होती. त्याला उघडता यायचं, मिटता नाय यायचं."

निकिता मेकॅनिकलची इंजिनीअर. लेक झाल्यावर नोकरी सुटली, पण लोखंडाचा नाद सुटला नाही. एका हातात वरणभाताचा चमचा, दुसऱ्या हातात मोबाइल, असा तिचा खेळ चालायचा.

त्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास घोटीच्या रोहितने फोटो टाकला. राइस मिलच्या मागे गवतात रुतलेलं धूड, पुढे आलेलं नाक, नाकाखाली एकच चाक. हॅन्सीट, जुना तीनचाकी टेंपो. ग्रुपवर कुणीही ओळखला असता, पण सगळे मुद्दाम गप्प बसले. तरुणपणी काकांनी अकरा वर्षं ह्याच टेंपोतून नाशिकला टोमॅटो पोचवले होते. उत्तराचा मान त्यांचाच.

काकांचं उत्तर आलं. "लँब्रेटा."

लँब्रेटा म्हणजे दोन चाकांची स्कूटर! ग्रुपवर हसण्याचा पूर लोटला.

"काका, लँब्रेटावर टमाट्याच्या पाट्या किती बसायच्या?" रोहितने विचारलं.

"चाकं मोजा काका, चाकं! तीन हायेत," मनोजने लिहिलं. त्याचं गॅरेज सायखेड्यातच, काकांच्या घरापासून पाच मिनिटांवर.

"लँब्रेटाच," काका म्हणाले.

निकितानेही दात दाखवणारा चेहरा निवडला होता. पाठवता पाठवता तिचं बोट थांबलं. दोनदा उत्तर दिलं, आणि एकदाही 'कशावरून' नाही? पोह्यांच्या रांगेतलं कुसाबाईंचं बोलणं तिला लख्ख आठवलं. तिने सरळ फोन लावला.

"काका, जेवलात का?"

"कोण, वत्सला? घाम लय येतोय गं. पंखा कुठं ठिवलाय हिनं?"

"मी निकिता, काका. काकू कुठे आहेत?"

"कळवणला गेली. लेकीकडं."

"इंजेक्शन घेतलं?"

"घेतलं की सकाळी. भाकर... भाकर कुठं ठिवली काय म्हाईत..."

दुसरा फोन मनोजला. "मनोजदादा, काकांकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"ताई, तुमचं तर काय बोलायलाच नको! मागं मी नुसता खोकलो तर तुम्ही एक्सरे काढायला लावला. इथं गिऱ्हाईक उभं हाये."

"गिऱ्हाइकाला घेऊन जा. त्यांनी इन्सुलिन घेतलंय आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर न्या. गिळत असतील तरच पाण्यातून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना."

पलीकडे पान्हा खाली पडल्याचा आवाज आला. "निघालो."

पुढची पंचवीस मिनिटं लेकीने भात केसांना फासला, जमिनीवर लिंपला, बोळक्यातही थोडा घातला. आयुष्यात पहिल्यांदाच निकिताचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ग्रुप अजून खिदळत होता. तिने लिहिलं, "हसू नका. काकांना बरं नाहीये."

मग मनोजचा फोन आला, धापा टाकत. "ताई, ओट्यावर बसले होते, सदरा चिंब. मला लखन म्हणत होते. साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरला पण आणलंय. डॉक्टर म्हणतात, अजून उशीर झाला असता तर आपल्याला काका दिसले नसते."

मागून खणखणीत आवाज आला. "कोण येडा लँब्रेटा म्हणाला? हॅन्सीट हाय ती! त्या नाकावर बसून मी डबा खाल्लाय!"

"काका, तुम्हीच म्हणाला होता," मनोज म्हणाला.

"मी? घेऊन ये बरं तो मोबाइल!"

निकिता शितांमध्येच फतकल मारून बसली आणि अर्ध्या तासात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

संध्याकाळच्या एसटीने कुसाबाई परतल्या. पण कळवणच्या लेकीचे दिवस भरत आलेत, त्यांना येत्या गुरुवारी पुन्हा कळवणला जावंच लागणार आहे. ग्रुपने फोनच्या पाळ्या लावल्यात. तरी फोनवर काका काहीही ठोकून देतात, हे निकिताला आता पुरतं कळलंय, आणि नेमका गुरुवारीच मनोज लग्नाला जाणार आहे. म्हणून तिची तुम्हाला एक विनंती आहे. गुरुवारी सायखेड्यावरून जाणार असाल तर मनोजच्या बंद गॅरेजपाशी थांबा, नाथाकाकांचं घर विचारा आणि जरा डोकावून या. जेवलात का विचारा. 'जेवलो' म्हणाले तर लगेच निघू नका. खरकटं ताट कुठंय, तेवढं बघून या.